दुसऱ्याच्या आईच्या हातचे

इंग्रजीत 'कम्फर्ट फूड' असा एक शब्द आहे. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही, आणि नाही हे बरेच आहे. शब्द आयता मिळाला की माणूस वस्तूकडे पाहायचे सोडून देतो. ताप उतरल्यावर आई ताटलीत आसट भात वाढते, त्यावर मेतकूट भुरभुरते, तुपाची धार सोडते आणि कडेला लिंबाच्या लोणच्याची एक फोड ठेवते. ते अन्न या इंग्रजी शब्दाच्या पोटात येते. मर्तिकाहून परतलेल्या घरात शेजारीण पिठल्याचे पातेले झाकून आणून ठेवते, तेही येते. अशा अन्नाची चव कशी आहे हे आपण कधी विचारीत नाही. ते पोटात गेले की जीव थाऱ्यावर येतो, एवढे पुरते.

या अन्नाचे एक लक्षण सहसा ध्यानात येत नाही. ते पाहुण्यासाठी नसते. व्याही जेवायला यायचे असले की आपण श्रीखंड करतो, मसालेभात करतो, कोशिंबिरीला फोडणी देतो. मेतकूट-भात करून कोणी व्याह्यांना बोलावणे धाडीत नाही. सणाचे अन्न लोकांनी पाहावे, वाखाणावे म्हणून केलेले असते. हे दुसरे अन्न दार लोटून, कोणी पाहत नसताना खायचे असते. म्हणून परक्या माणसाला ते खायला मिळाले, तर तो बैठकीच्या खोलीतून थेट माजघरात शिरलेला असतो. तिथे जे दिसले त्याविषयी त्याने मत द्यावे का? दिले तर खरे द्यावे का? आणि त्याच्या मताला किंमत किती? हा प्रश्न वाटतो तितका पोटापुरता नाही. जगात माणसांनी एकमेकांना जितकी नावे ठेवली आहेत, त्यांतली निम्मी ताटाकडे बोट दाखवून ठेवली आहेत.

मला हा प्रश्न पडला तो अमेरिकेत, आणि पडला तो बऱ्याच अंशी इंग्रज म्हणून. मी १९७४ साली शिकायला इंग्लंडात आले आणि तिथेच संसार मांडला. माझे यजमान यॉर्कशायरचे. इतक्या वर्षांत माझ्या जिभेची वाटणी झाली आहे. पावसाळी संध्याकाळी मला मुगाची खिचडी आठवते, तशाच टोस्टवर ओतलेल्या, टोमॅटोच्या रसातल्या डबाबंद बीन्सही आठवतात. आमच्या मुलीने अमेरिकन नवरा केला. तो जॉर्जियाचा, संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातला. २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघे तीन आठवडे त्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या विहिणीकडे, राहायला गेलो. बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला थोड्या आणि स्वयंपाकघरात कोणाला हात लावू न देणाऱ्या.

पहिल्याच सकाळी तिने 'बिस्किटे आणि ग्रेव्ही' केली. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असेल ते मला ठाऊक आहे, कारण इंग्रजाच्याही डोळ्यांपुढे तेच उभे राहते: चहात बुडवायची बिस्किटे रश्शात बुडवलेली. बिस्किट हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला, त्याबरोबर त्यांची समजूतही घेतली. अमेरिकेच्या दक्षिणेत बिस्किट म्हणजे ताकात भिजवलेल्या मैद्याचा, पदर सुटणारा, गरम आणि मऊ पाव. इंग्लंडात दुपारच्या चहाबरोबर मिळणाऱ्या स्कोनचा चुलतभाऊ. ग्रेव्ही म्हणजेही विलायती ताटातला तपकिरी रस्सा नव्हे. डुकराच्या सॉसेजचे मसालेदार मांस मोकळे करून परतायचे, त्याच्याच चरबीत मैदा भाजायचा, दूध ओतून दाटवायचे आणि काळी मिरी हात न आखडता घालायची. रंग खळीसारखा. चव मिरमिरीत आणि दणकट. शेतावर जाणाऱ्या माणसाने दुपारपर्यंत भूक विसरावी अशी. मला ते आवडले. माझ्या यजमानांनी दोन घास खाल्ले, काटा खाली ठेवला आणि ते म्हणाले, "इंटरेस्टिंग!"

इंग्रजाच्या तोंडचा हा शब्द ज्याने संसारात ऐकला आहे त्यालाच त्याचा अर्थ कळतो. नव्या सुनेची आमटी चाखून आपल्याकडच्या सासूबाई "वेगळी झाली आहे हो" म्हणतात, त्याच जातीचा तो आहे. यजमानांनी बशी मात्र पुसून रिकामी केली. त्यांचा जन्म १९४६ चा. इंग्लंडात युद्धकाळात सुरू झालेले रेशनिंग युद्ध संपल्यावरही नऊ वर्षे चालले. ते पुरते उठले ४ जुलै १९५४ रोजी. पानात काही टाकणे हे त्या पिढीच्या मुलांना चोरीइतके लाजिरवाणे वाटते. आवडणे आणि संपवणे या दोन गोष्टींचा त्यांच्या लेखी संबंधच नाही.

या सभ्यतेला मी हसते खरी, पण तिचा इतिहास हसण्यासारखा नाही. ११ जून १९३९ रोजी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ हे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हाइड पार्क येथील घरी वनभोजनाला बसले होते. तिथे त्यांना हॉट डॉग वाढले गेले. राजाला लांबट पावात घातलेले सॉसेज हाताने खायला द्यायचे, हे रूझवेल्टांच्या आईलाही रुचले नव्हते. राजाने ते खाल्ले. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. पुढे तीन महिन्यांच्या आत युद्ध पेटले. राजाला ती वस्तू आवडली का, हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही आणि त्याची गरजही नव्हती. त्या दिवशी त्या घासात एका देशाची दुसऱ्या देशाकडे अडलेली गरज होती. उलट बाजूची गोष्टही तशीच आहे. १९४२ साली अमेरिकन सैनिक इंग्लंडात उतरू लागले, तेव्हा त्यांच्या सरकारने त्यांच्या हाती एक पुस्तिका दिली. तीत बजावले होते की यजमानांनी कितीही आग्रह केला तरी बेताने खा. तुमच्या पानात पडलेले अन्न त्या घराचे आठवड्याचे रेशन असू शकेल. अमेरिकन पोरांनी इंग्रजी स्वयंपाकाला मनातल्या मनात काय म्हटले असेल ते असो. कमी खाणे हीच तिथे खरी वाखाणणी होती.

म्हणजे पाहुण्याचे 'छान आहे' हे पुष्कळदा अन्नाविषयी नसतेच. ते माणसाविषयी असते. इथवर माझे आणि यजमानांचे एकमत आहे. अडचण पुढे येते.

एके दुपारी जावयाने आम्हाला 'रूट बिअर' पाजली. नावात बिअर असली तरी हे बिनदारूचे, फेसाळ, काळसर पेय. चार्ल्स हायर्स नावाच्या फिलाडेल्फियाच्या औषधविक्रेत्याने ते १८७६ च्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात लोकांपुढे मांडले आणि पुढे ते देशभर गेले. जावयाच्या डोळ्यांत ते ओतताना लहानपण दिसत होते. यजमानांनी एक घोट घेतला आणि जन्माची सभ्यता विसरून ते म्हणाले, "हे तर रग्बी खेळून आल्यावर मांड्यांना चोळायचे मलम!" मी घोट घेतला, तर मला आमच्या घरातली आयोडेक्सची बाटली आठवली आणि आजीचे सुजलेले गुडघे दिसले.

गंमत अशी की दोघांचीही जीभ अचूक होती. या पेयात बहुधा विंटरग्रीनचा स्वाद असतो, आणि विंटरग्रीनच्या तेलात जे मुख्य द्रव्य असते तेच दुखऱ्या अंगाला लावायच्या मलमांतही असते. आपला गंधपुरा त्याच कुळातला. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली रुचीच्या प्रमाणाविषयी एक निबंध लिहिला. त्यात त्याने 'डॉन किहोटे'मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचो पांझाच्या घराण्यातल्या दोघांना पिंपातल्या मद्याची पारख करायला बोलावले. एक म्हणाला, मद्य उत्तम आहे, मात्र किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. लोकांनी दोघांचीही थट्टा केली. पुढे पीप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली एक जुनी किल्ली निघाली. जीभ काही केवळ लहरी नसते, ती खरे शोधूही शकते, असे ह्यूमला सांगायचे होते. माझ्या यजमानांना पेयाच्या तळची किल्ली बरोबर सापडली होती. पण ती कोणत्या घराची, हे जीभ सांगत नाही. विलायती पोराला तो वास प्रथम भेटतो मार लागल्यावर; अमेरिकन पोराला जत्रेत, बापाचे बोट धरलेले असताना. मोठेपणी कंबर धरली आणि बायकोने तसलेच मलम चोळले, तर त्या अमेरिकन माणसाला जत्रा आठवत असेल.

नाक तर जिभेहूनही परावलंबी. रेचेल हर्झ आणि युलिया फॉन क्लेफ या दोघींनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आम्लांचे तेच मिश्रण त्यांनी माणसांना दोन वेळा हुंगायला दिले. एकदा सांगितले की हे पार्मेझान चीज आहे, एकदा सांगितले की ही ओकारी आहे. नावाप्रमाणे नाके मुरडली अथवा फुलली. त्यांतले एक आम्ल लोण्यातही असते. त्याचे शास्त्रीय नावच लोण्यावरून पडले आहे. अमेरिकेतले एक जुने, घरोघर खाल्ले जाणारे चॉकलेट तोंडात घालताच इंग्रज माणूस आंबट तोंड करतो आणि 'ओकारीसारखे' म्हणून मोकळा होतो, तेव्हा पुष्कळ जाणकार या आम्लाकडेच बोट दाखवतात. मी त्या वेळी काही बोलत नाही. मी इंग्लंडात नवी असताना लोणी कढवायला ठेवले, की भिंतीपलीकडची शेजारीण खिडक्या लावून घेई. मला मात्र तो वास दिवाळीच्या आदल्या आठवड्याचा वाटे.

तेव्हा 'मला हे मलमासारखे लागते' इथपर्यंत माणूस खऱ्याच्या हद्दीत असतो. 'ही माणसे हे खातात तरी कशी' असे म्हटले की तो हद्द ओलांडतो, आणि ही हद्द ओलांडण्याची इंग्रजांना जुनी सवय आहे. फ्रान्सिस ट्रॉलप या बाईंनी १८३२ साली अमेरिकनांच्या घरगुती रीतिभातींवर पुस्तक लिहिले आणि ते विलायतेत हातोहात खपले. खाण्याच्या विचित्र जोड्यांची त्यांनी यादीच दिली आहे. तीत हॅमबरोबर सफरचंदाची चटणी हीही एक. आता, डुकराच्या भाजलेल्या मांसाशेजारी सफरचंदाची चटणी नसेल तर इंग्रजाचे रविवारचे जेवण उरकत नाही! स्वतःच्या ताटातली गोष्ट दुसऱ्याच्या ताटात पडली की ओळखू येईनाशी होते. माझ्या टोस्टवरच्या बीन्सचे तेच. इंग्रजाला त्या अगदी मातीतल्या वाटतात, अमेरिकन पाहुणा सकाळच्या ताटात त्या पाहून दचकतो. आणि त्या बीन्स पिट्सबर्गच्या हाइन्झने १८८६ साली लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात आणून विकल्या होत्या. दाणाही मूळचा अमेरिका खंडातला.

कोणी म्हणेल, ही सारी कंपन्यांची करणी. तिच्यात आईच्या हातचे काय उरले? थँक्सगिव्हिंगच्या दिवशी टर्कीच्या शेजारी दोन पदार्थ मांडलेले होते. एक, कुस्करलेल्या रताळ्यांवर भाजलेल्या मार्शमॅलोंचा थर. हा गोड पदार्थ गोड म्हणून नव्हे, तर मांसाला तोंडीलावणे म्हणून खायचा. दुसरा, फरसबी आणि अळिंब्यांचे डबाबंद सूप एकत्र भाजून वर तळलेला कांदा. विहिणीच्या मते दोन्ही तिच्या आईचे. पहिल्याचा प्रसार झाला तो एका मार्शमॅलो कंपनीने १९१७ साली जॅनेट मॅकेन्झी हिल यांच्याकडून लिहून घेतलेल्या पाककृतींच्या पुस्तिकेमुळे. दुसरा डॉर्कस रायली या बाईंनी १९५५ साली कॅम्बेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात बसवला. त्यांचे हस्तलिखित कार्ड पुढे संग्रहालयात गेले. म्हणून काय झाले? इंग्रजांच्या आजीच्या कस्टर्डची पूड आल्फ्रेड बर्ड याने १८३७ साली काढली, बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून. आपली उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद, शेंगदाणा, मिरची, बटाटा, हे चारही कोलंबसाच्या आधी इकडे कोणी पाहिले नव्हते. एकादशीला आपण जवळजवळ संपूर्ण अमेरिकन जेवण जेवतो आणि विठ्ठलाचे नाव घेतो. आईचा हात लागला की पदार्थ आईचा होतो. वंशावळ मागणारा माणूस पंगतीत बसवू नये.

आमची मुलगी हे सारे एका वाक्यात संपवते. ती म्हणते, "आई, चवीत बरोबर-चूक काही नसते. ज्याची त्याची आवड." हल्लीच्या सुशिक्षितांचे हे आवडते मत आहे आणि ते उदार दिसते. मला मात्र ते सासूबाईंच्या 'वेगळी झाली आहे हो'पेक्षाही थंड वाटते. 'ज्याची त्याची आवड' म्हणून मी दार लावून घेते. मग त्या आवडीच्या मागे काय आहे ते पाहण्याची माझ्यावर जबाबदारीच उरत नाही. आणि मागे नेहमी आजीच असते असे नाही.

मॅकरोनी आणि चीज घ्या. अमेरिकेतल्या मुलांचे हे पहिले प्रेम, आणि दक्षिणेत तर सणाच्या ताटातले मानाचे पान. इंग्रज म्हणतात, हे आमचेच. आणि एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या १७६९ च्या इंग्रजी पाकपुस्तकात मॅकरोनी आणि पार्मेझानची कृती आहेही. अमेरिकेत हा पदार्थ रुजवणाऱ्यांत जेम्स हेमिंग्ज याचे नाव घेतात. हा थॉमस जेफरसन यांचा गुलाम, आणि त्यांच्या दिवंगत पत्नीचा सावत्र भाऊ. जेफरसन यांनी १७८४ साली त्याला पॅरिसला नेले आणि फ्रेंच पाककला शिकवली. पुढे त्याने मुक्तता मागितली, तेव्हा अट पडली की आधी दुसऱ्या कोणाला तरी ही विद्या शिकव. त्याने आपला भाऊ पीटर याला शिकवले आणि १७९६ साली तो सुटला. भाऊ गुलामच राहिला. १८०१ मध्ये जेम्स वारला. १८०२ साली अध्यक्ष जेफरसन यांच्या मेजावर मॅकरोनीचा पाय आला, आणि मनासे कटलर या काँग्रेस सभासदाने तो आपल्याला रुचला नसल्याची रोजनिशीत नोंद केली. मेजावरच्या पाहुण्याची आवड-नावड दोनशे वर्षे टिकली आहे. ते अन्न ज्यांच्या हातचे, त्यांना ते आवडत होते का, हे कोणी लिहून ठेवले नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी घरात आम्ही दोघी विहिणीच होतो. तिने ग्रिट्स केले होते. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, याहून वेगळे काही नाही. खारवलेल्या पाण्यात त्या मंद आचेवर ढवळत ढवळत शिजवायच्या आणि वर लोण्याचा गोळा सोडायचा. पहिल्या आठवड्यात यजमानांनी त्यांच्यावर साखर मागितली होती. पांढरी लापशी दिसली की ती गोडच असणार असे इंग्रजाला वाटते. दक्षिणेत ग्रिट्सवर साखर म्हणजे आपल्याकडे पिठल्यावर साखर. मुलीने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला होता.

विहीण म्हणाली, "तुमचे यजमान सगळ्यालाच छान म्हणतात. म्हणजे त्यांना काहीच आवडत नसणार. तुम्ही खरे सांगा."

मी म्हटले, "फिके आहेत. आमच्याकडे अशाच ज्वारीच्या नाहीतर तांदळाच्या कण्या शिजवतात. पण वर ताक ओततात."

ती उठली. बिस्किटांसाठी तिच्याकडे ताकाचा पुडा असतोच. तिने तो माझ्यापुढे ठेवला. मी ग्रिट्सवर ताक ओतले, मीठ घातले, कालवले आणि खाऊ लागले. ती बराच वेळ माझ्या वाडग्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली की तिचे आजोबा रोज संध्याकाळी उंच पेल्यात मक्याचा पाव कुस्करून त्यावर थंड ताक ओतून चमच्याने खात. ते वारल्यापासून तिने कोणाला ताक असे खाताना पाहिले नव्हते. आजी सुताच्या गिरणीत पाळीवर जाई. तरुणपणी आजीच्या हातांवर मोजे घातल्यासारखे लाल चट्टे उठत आणि गळ्याभोवती पट्टा उमटे. आईने ते पाहिले होते. "आम्हाला हे आवडायचे म्हणून आम्ही खात होतो असे नाही," ती ग्रिट्सकडे बोट करून म्हणाली, "हे असायचे."

ते चट्टे पेलाग्राचे. मेक्सिकोतले मूळचे लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत. त्यामुळे त्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. धान्य जगभर गेले, चुन्याची रीत पुष्कळ ठिकाणी मागे राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत खंडकरी आणि गिरणीकामगार गिरणीत दळलेला, अंकुर काढून टाकलेला मका, काकवी आणि खारवलेली चरबी यांवर जगत होते, आणि हजारोंनी या रोगाने मरत होते. रोग जंतूंचा आहे असेच बहुतेकांचे मत होते. सरकारने १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला धाडले. त्याने दाखवून दिले की रोग ताटातला आहे, म्हणजे दारिद्र्याचा आहे. दक्षिणेतल्या प्रतिष्ठितांना हे आवडले नाही. जंतू निघाला असता तर कोणाकडे बोट गेले नसते.

माझ्या आजोळी तांदूळ सडल्यावर उरलेल्या कण्या गड्यांच्या पानात पडत. आम्हा मुलांना त्या आवडत, म्हणून हट्ट करून आम्ही त्या मागून घेत असू. गड्यांनी हट्ट करून आमचा भात मागितलेला मला आठवत नाही.

मी विहिणीला विचारले, "मग तुम्ही ग्रिट्स अजून का करता?"

ती म्हणाली, "ढवळायला अर्धा तास लागतो. आजी तेवढा वेळ घरात असायची."

यावर मी चवीचे काय बोलणार होते? आणि तरीही मी 'फिके आहेत' म्हटले नसते, तर ताकाचा पुडा बाहेर आला नसता आणि आजोबांचा पेलाही आला नसता. यजमानांची सभ्यता तिथे तीन आठवडे दाराबाहेर उभी होती. ज्याच्या घरी जेवायचे त्याला खरे सांगावे ते बहुधा एवढ्यासाठीच. त्याच्या अन्नाला गुण देण्यासाठी नव्हे. मात्र त्याने विचारल्याखेरीज सांगू नये, हेही मला तितकेच खरे वाटते. आपण होऊन खरे सांगणारा पाहुणा हा दोन देशांतल्या कोणत्याच स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा बोलावला जात नाही.

जाता जाता विहिणीनेही एक परीक्षा दिली. यजमान जगाच्या पाठीवर कुठेही गेले तरी पिशवीत मार्माइटची बाटली असते. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा हा काळा, चिकट, खारट लेप १९०२ पासून इंग्लंडात तयार होतो. इंग्रज तो लोणी लावलेल्या टोस्टवर नखाएवढा फासून खातात आणि इतर देश तो पाहून हतबुद्ध होतात. गोल्डबर्गरला पेलाग्रावर जो स्वस्त उपाय सापडला तो यीस्टच होता; १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर पूरग्रस्तांना त्याचे वाटप झाले. आणि ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ पासून मुंबईत गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा शोध घेत होत्या, त्यांना गुण आला तो याच मार्माइटने. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि त्या वाटेने पुढे फॉलिक आम्ल सापडले. निघायच्या दिवशी न्याहारीला यजमानांनी हे सर्व विहिणीला सांगितले. ते फार थोडे बोलतात, पण मार्माइटविषयी बोलतात. तिने शांतपणे ऐकून घेतले, बिस्किटाच्या कोपऱ्याला तो लेप लावला, घास खाल्ला, पाणी प्यायली आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "इंटरेस्टिंग!"

बाटली तिथेच राहिली. परवा मुलीचा फोन आला होता. विहिणीने ती फडताळात वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवली आहे. टाकलेली नाही. हे पुन्हा कधी येणार, असे विचारीत होती.